ओतासिलियोची संमती

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात वाल्दिर पिएकार्स्कीला गप्प बसलेला कुणी पाहिला नव्हता. गडी बोलायला लागला की चहा थंड व्हायचा. पण त्या जुलैत एका परिच्छेदाने त्याची वाचाच बसवली.

परिच्छेद तसा साधा. दुकानात बिलं छापणारं यंत्र झोपेतून उठलं की कर्नल, म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, त्या यंत्राच्या ड्रायव्हरमधलं, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं, एक ठरलेलं फंक्शन बोलावतो. त्याला म्हणायचं कॉलबॅक. हा कॉलबॅक ओतासिलियोने रचलेला. आता त्याहून बरी सोय निघाली होती, आणि वाल्दिरला कर्नलच्या माहितीच्या दस्तऐवजात लिहायचं होतं : 'हे अजून चालतं, पण नव्या कामात वापरू नये.' खाली मूळ लेखकाच्या संमतीची ओळ घालायची रीत. सक्ती कुणाची नव्हती, पण वाल्दिरने ती कधी मोडली नव्हती.

ओतासिलियो वाल्दिरच्या मुलीचा धर्मपिता. बाप्तिस्म्यापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे', म्हणजे मुलीमुळे जुळलेले सोयरे, म्हणत आणि एकमेकांच्या कोडला यथेच्छ नावं ठेवत. पण हल्ली ओतासिलियोची आठवण विरत चालली होती. ती पुरती जायच्या आत त्याचा होकार हवा होता.

रविवारी वाल्दिर तो कोड कागदावर छापून त्याच्या घरी घेऊन गेला. ओतासिलियोची बायको नेउझा पाइनच्या उकडलेल्या बिया सोलून नवऱ्याच्या हातावर ठेवत होती.

"आज कसा आहे गं?"

"सकाळी मला नावाने हाक मारली. बघ तुझं नशीब."

ओतासिलियोने चष्मा चढवला. ओळींवरून फिरणारं बोट एका जागी थबकलं.

"कुठल्या गाढवाने लिहिलंय हे? कुलूप न लावताच यंत्राला हात घालतोय!"

वाल्दिरला हसू फुटलं. "आहे एक गाढव. मग बंद करू म्हणतोस, कोंपाद्रे?"

"कर की! पण त्या पोराला रागावू नकोस हं. शिकेल हळूहळू." मग कागद परत देत त्याने अदबीने विचारलं, "आपण कुणाकडे आलात, साहेब?"

नेउझाचे हात थांबले.

घरी येऊन वाल्दिरने मजकूर लिहिला. संमतीच्या ओळीत ओतासिलियोचं नाव घातलं, बराच वेळ पाहिलं आणि पुसलं. स्वतःच्या एकट्याच्या नावाने पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मजकूर तपासणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहून विचारलं, "मूळ लेखकाशी बोललात का?"

वाल्दिरने उत्तर लिहिलं : "गेलो होतो. उशीर झाला."