बंद इंजिनाचा उतार

भाजीच्या पिकअपवाल्याने मला चांदीपहून विरारला एकदाच सोडलं. माझ्या हातातली रस्ता-सुरक्षेची पत्रकं बघून तो गालात हसला.

गाडी डिझेलची, नवी, ऑटोमॅटिक. तरी त्याचा डावा पाय नसलेला क्लच दाबत होता. मालकाची दुसरी गाडी हाताने गिअर टाकावे लागणारी, आणि ती डिझेल कमी पिते. "तिच्याइतकं अ‍ॅव्हरेज दे, नायतर चावी ठेव," असं मालकाने याला सुनावलं होतं. म्हणजे गाडी निवडणार मालक आणि नोकरी जाणार याची!

उतार लागताच त्याने न्यूट्रल टाकून इंजिनच बंद केलं. गाडी मुकाट धावू लागली. ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. तो दोन्ही पायांनी दाबत होता.

"काका, इंजिन चालू करा! गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय नुसता काढला तरी उतारावर डिझेल फारसं लागत नाही."

"भाऊ, आवाज आला म्हंजे डिझेल गेलं," तो शांतपणे म्हणाला.

पुढे बायका-पोरं आमच्याकडे पाठ करून चालली होती. त्याने हॉर्न दिला नाही. तरी मागे न बघता सगळी एकदम कडेला सरकली.

"यांना कसं कळतं?"

"पयलं कोनाला कळत न्हवतं. हितंच मी एका आजीला उडवल्यापासून कळायला लागलं."

पत्रकं मी अजून वाटतो. पण त्या उतारावर एकाएकी शांत झालं, की बोलणं अर्धवट टाकून मीही गटारात उतरतो.