घराण्याची चाल

नांदेडच्या एका जनाना दवाखान्यात मला नोकरी लागली तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि ते कधी जाईल असं आमच्या घरात तरी कोणाला वाटत नव्हतं. वडील गावातल्याच शाळेत मास्तर. मी मुंबईला मावशीकडे राहून डॉक्टरकी शिकून आले होते. दवाखान्याचे प्रमुख हैदराबादचे. त्यांना सगळे मोठे डॉक्टरसाहेब म्हणत. बोलणं इतकं अदबीचं, की साहेब रागावले होते हे माणसाला घरी गेल्यावर कळायचं. माझ्याशी ते नेहमीच गोड बोलले. त्यामुळे मला त्यांचा अंदाज कधी आला नाही.

बड्या घरच्या बायका दवाखान्यात येत नसत. बोलावणं आलं की मीच जायची. पडदे सोडलेली बैलगाडी दारात उभी राहायची. घर जहागीरदाराचं असो की देशमुखाचं, हिंदूचं असो की मुसलमानाचं, बायकांचा गोषा, म्हणजे पडदा, सगळीकडे सारखाच. आतल्या चौकात दिवसाही दिवा लागायचा. त्या घरांमधून मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायका चालताना दोन्ही अंगांना झुलत. भिंतीला हात लावून पाय टाकत. उठताना मांड्यांवर जोर देत. कंबर दुखते, रात्रभर पाय ठणकतात, आणि पुढचं बाळंतपण अडतं. मूल जायचं, कधी आईही. हात लावून पाहिलं की कंबरेच्या हाडांचं कडं आत दबलेलं लागायचं.

आमच्या पुस्तकांत हा आजार होता. अंगाला ऊन मिळालं नाही की हाडं मऊ पडतात, वाकतात. पण तो उत्तरेकडचा, थंडीतला, दाट वस्तीच्या अंधाऱ्या गल्ल्यांमधला, असं लिहिलेलं. दख्खनमध्ये तो असल्याचं कोणीच म्हटलं नव्हतं. आमच्याकडे उन्हाला काय तोटा? मला मात्र वाटायला लागलं, ऊन गावात आहे, ह्या बायकांच्या अंगावर कुठं आहे? रानात राबणाऱ्या बायका मी मुद्दाम तपासल्या. त्यांच्यात दुसरे आजार पुष्कळ होते, हा मला सापडला नाही.

मी लेख लिहायला घेतला. कलकत्त्याहून एक वैद्यकीय मासिक निघायचं, त्यासाठी. सरकारी नोकराला काही छापायचं तर वरची इजाजत लागे, म्हणून लेख आधी मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे गेला. त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि कित्येक आठवडे काढलाच नाही. मी विचारलं की म्हणायचे, "वाचून राहिलो, बाई. घाईचं काम नाही हे."

शेवटी एक दिवस त्यांनी बोलावलं.

"मजमून चांगला आहे. पण ह्यात बड्या घरांच्या बायका आहेत."

"नाव एकीचंही नाही, साहेब."

"नांदेड एवढंसं गाव. नावं कशाला लागतात?"

लेख हातात आला तेव्हा पाहिलं, जिथं जिथं मी गोषा म्हटलं होतं तिथं तिथं समासात पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. इजाजत मात्र दिलेली होती. ठिपके मी खोडले, शब्द तसाच ठेवला आणि लेख टपालात टाकला.

मग उत्तर आलं. संपादकांनी लिहिलं होतं की दख्खनमध्ये हा आजार असल्याचं कोणा जाणत्याचं मत नाही. लेखिकेचं निदान चालीवर आणि हाताच्या स्पर्शावर उभं आहे. क्ष-किरणांचं चित्र आहे काय? वरिष्ठांचा दाखला आहे काय? आणि शेवटी एक वाक्य: हे रोगी दवाखान्यात दाखल झालेले नाहीत असं आम्हाला समजतं, तरी लेखिकेनं ते स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, याचा खुलासा व्हावा.

समजतं? कोणाकडून समजतं? मी रोगी घरी जाऊन पाहिले हे लेखात कुठंच लिहिलं नव्हतं. ते माहीत होतं फक्त आमच्या दवाखान्यातल्यांना. त्या दिवसापासून मी दवाखान्यात प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहायला लागले. टंकलेखन करणारा कारकून हसला तरी वाटायचं, ह्याला माहीत आहे. मोठ्या डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "कलकत्त्याहून काही?" मी म्हटलं, "अजून नाही." ते नुसते मान हलवून पुढे गेले. मी खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं असणार, असं मला तेव्हाही वाटलं.

महिन्याभरात माझी लातूरला बदली झाली. हुकमात कारण लिहिलेलं नव्हतं. वडील म्हणाले, "सरकारी नोकरीत बदल्या होतच असतात." आईनं माझी ट्रंक भरली.

लातुरात महिन्यातच एका देशमुखांच्या घरून बोलावणं आलं. सून विशीची असेल. दोन मुलं जन्मतानाच गेलेली. बाजेवरून उठून ती माझ्याकडे आली तेवढ्यात मला कळलं. तपासून बाहेर आले तर सासूबाई चौकात बसलेल्या. घरात सगळे त्यांना आईसाब म्हणायचे. अंगानं भरलेल्या, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, आणि पदराआडून रोखून बघणारे डोळे.

"काय निघालं?"

मी सांगितलं. हाडं, ऊन, पुढचं बाळंतपण. आणि म्हटलं, "आईसाब, सोलापूरला एका डॉक्टरांकडे यंत्र आहे. त्यानं आतल्या हाडांचा फोटो निघतो. तो काढला तर मला खात्रीनं सांगता येईल."

"फोटो?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या घरात लग्नातबी बायांचा फोटो काढलेला न्हाई. अन् तुम्ही परक्या गावात, परक्या गड्याकडून काढणार?"

"तोंडाचा नाही. हाडांचा."

"हाडं कोणाची हायेत? तिचीच ना?"

त्या फोटोची गरज तिच्यापेक्षा मला आहे की काय, असा संशय त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. मी लपवलं नाही. कलकत्त्याला लेख पाठवलाय, ते लोक माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी छापून येणार?"

"नाव येणार नाही."

"आज न्हाई म्हणताव, उद्या येईल." त्या उठल्या आणि आत गेल्या. जाताना त्या खांबाला हात लावून गेल्या, हे मी पाहिलं.

आठवड्यानं त्यांनी परत बोलावलं. सून आत रडत होती. का ते मी विचारलं नाही. आईसाब म्हणाल्या, "तिसरं तरी जगलं पाहिजे. घरातल्या गडीमाणसांना सांगितलंय, सुनेच्या नवसासाठी तुळजापूरला जाऊन येतो. सोलापूर वाटेतच हाय. तुम्ही संगं चला. पण फोटो आधी मी बघणार. मला पटला तरच तुमच्या हातात देणार."

लातूरहून छोटी गाडी निघायची. पुढं मोठ्या गाडीत बसून आम्ही सोलापुरात उतरलो. त्या डॉक्टरांच्या अंधाऱ्या खोलीत आईसाब सुनेच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि हलायला तयार होईनात. डॉक्टर पडद्यामागे गेले. सुनेला मीच नीट झोपवलं. यंत्र घरघरलं तसा आईसाबनी तिचा हात धरला. तिला भीती वाटू नये म्हणून धरला की ती पळून जाऊ नये म्हणून, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी फिल्म वाळून हातात आली. मी ती खिडकीशी धरली. हाडांचं कडं दोन्ही बाजूंनी आत दबलेलं, पुढं चोचीसारखं निघालेलं. सगळं स्वच्छ दिसत होतं.

आईसाबनी फिल्म घेतली. उलटी केली, सुलटी केली.

"ही कोण हाय ते कोणी ओळखंल का?"

"नाही."

"हे इथं सरळ पाहिजे व्हतं?"

"हो. गोल पाहिजे होतं."

फिल्म खाली न करताच त्या म्हणाल्या, "माझंबी असंच आसंल का?"

त्यांचा खांबाला लावलेला हात मला आठवला.

"माझी सासू अशीच चालायची. मोठी जाऊबी अशीच. मी लगीन होऊन आले तेव्हा तुरूतुरू चालायचे, तर सासू म्हणायची, देशमुखीण आशी धावत न्हाई. पुढं माझीबी चाल तशीच झाली. सगळ्यांनी लई नावाजलं. आम्ही म्हणायचो, ही घराण्याची चाल हाय."

सून खाली मान घालून बसली होती. आईसाबनी फिल्म माझ्या हातात दिली. "घ्या. पाठवा कुठं पाठवायची ते."

तुळजापूर करून आम्ही आल्या वाटेनंच परत निघालो. हद्दीवरच्या स्टेशनात करोडगिरीचा माणूस डब्यात चढला. इंग्रजी मुलखातून काय काय आणलं ते बघायचं त्याचं काम. माझ्या पिशवीतून त्यानं नेमकी फिल्म काढली आणि उजेडात धरली. "ये किसका नक्शा है?" मी सांगायला लागले, पण त्याला ते पटेना. पांढऱ्या वळणदार रेघा, काळा मुलूख. त्याला खरंच तो कुठल्या तरी किल्ल्याचा नकाशा वाटला असावा. तो दुसऱ्या माणसाला हाक मारणार, एवढ्यात पदराआडून आईसाब कडाडल्या, "माझ्या सुनेचं अंग हाय ते! खाली ठेव!" त्यानं चटका बसल्यासारखी फिल्म बाकावर ठेवली आणि पुढच्या डब्यात निघून गेला.

फिल्म मी स्वतः टपालात रजिस्टर केली, सोबत लांबलचक खुलासा लिहिला. उत्तर येईना. लातूरच्या टपाल कचेरीत जाऊन मी इतक्यांदा विचारलं, की टपालमास्तर मला पाहून खिडकी लावून घ्यायला लागला. पत्र पोचलंच नसेल, किंवा पोचून पुन्हा नांदेडला मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे गेलं असेल, असं मनात यायचं. सुनेचं मात्र काम सुरू झालं होतं. घराच्या माळवदावर चारी बाजूंना चादरी बांधल्या, आणि सकाळच्या उन्हात ती पाय उघडे टाकून बसायला लागली. माशाच्या तेलाची बाटली आईसाबनी आधी स्वतः हुंगली, स्वतः चाटली, तोंड वेडंवाकडं केलं आणि मग तिला दिली. पुढं पुढं त्या स्वतःच माळवदावर जाऊन बसू लागल्या. जिन्याच्या पायऱ्या मोठ्या कष्टानं चढायच्या, पण चढायच्या.

वर्ष होत आलं तेव्हा मासिकाचा अंक आला. लेख छापला होता. माझं नाव होतं, फिल्मचं चित्र होतं. पण लेख निम्माच राहिला होता, आणि गोषा हा शब्द एका ठिकाणीही नव्हता. जिथं तो होता तिथं 'स्थानिक चालीरीती' आणि 'अपुरा आहार' असं घातलेलं. ऊन न मिळणं एका ओळीत, तेही 'कदाचित' लावून. माझ्या नावाखाली मी न लिहिलेली वाक्यं होती.

त्या दिवाळीत नांदेडला गेले. मोठे डॉक्टरसाहेब नोकरी संपवून हैदराबादला परत निघाले होते. सामान बांधलेल्या बैठकीत त्यांनी मला चहा दिला, लेखाबद्दल मुबारकी दिली. मी सरळच विचारलं, "साहेब, संपादकांना तुम्ही लिहिलं होतं?"

"त्यांनी मला विचारलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "मी लिहिलं, ही बाई खोटं लिहिणार नाही. आणि हेही लिहिलं, की रोगी दवाखान्यात आलेले नाहीत. ह्यातलं काय चूक आहे?"

"आणि गोषा शब्द? तो कोणी काढला?"

"संपादक लोक शहाणे असतात, बाई." त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"माझी बदली?"

"लातूरला डॉक्टरीण नव्हती."

यापलीकडे ते गेले नाहीत. त्यांचं प्रत्येक उत्तर खरं असू शकत होतं. मी अजूनही त्यातलं एकही पूर्ण खरं मानलेलं नाही, आणि खोटं आहे असं दाखवायला माझ्याकडे काही नाही.

लातूरला परतल्यावर अंक आईसाबना दाखवायला नेला. त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "वाचा. मराठीत सांगत सांगत वाचा." मी वाचलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"ह्यात आमी घरात बसतो ते कुठं आलं?"

"ते त्यांनी काढलं."

"का?"

"माहीत नाही."

"मग फोटोच्या खाली हातानं लिहा," त्या म्हणाल्या. "छापलेलं त्यांचं. अंक तर तुमचा हाय."

मी पेन काढून चित्राखाली मराठीत लिहिलं: गोषात राहून ऊन मिळालं नाही, म्हणून हे हाड असं दबलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय, हे काय. मग ते दाखवायला माळवदावर बसलेल्या सुनेला हाक मारून खाली बोलावलं. तिला दिवस गेले होते. ह्या खेपेला आम्ही तिला वेळेआधीच सोलापूरला हलवलं, कारण दबलेलं हाड ऊन घेऊन सरळ होत नाही, हे मला ठाऊक होतं. शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. दोघी जगल्या. सव्वा महिन्यानं मी गेले तर आईसाबनी नातीला तेल लावून, अंगावर चिंधीही न ठेवता, माळवदावर उन्हात निजवलं होतं, आणि शेजारच्या घरातून कोणी बघतंय का, हे त्या चादर सरकवून पुन्हा पुन्हा पाहत होत्या.