प्रसादाला नाही म्हणू नये

खाऊ घालण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. माणूस मेला तरी चालेल, पण नको म्हणता कामा नये!

मी हेमा. खडकीत राहते, एका कारखान्याचं कॅन्टीन चालवते. तापलेलं लोखंड ठोकून गाड्यांचे भाग बनवतात तिथे. ते लोखंड ठोकणाऱ्या हॅमर मशिनवर उत्तरेश्वर उभा असायचा. मूळचा धाराशिवकडचा, तेरचा. अंगानं आडदांड, आवाज मात्र नव्या सुनेचा. जादा पाळी असो, वर्गणी असो, दुसऱ्याचं सामान घरी पोचवणं असो, याच्या तोंडून नाही निघायचंच नाही. सगळे म्हणायचे, देवमाणूस. मला त्या शब्दाची शिसारी येते. फुकटात राबवून घ्यायचं असलं की माणसाला देव म्हणायचं.

त्याला शुगर होती. यंदा पावसाळ्यात बूट घासून अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी साफ सांगितलं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. अंगठा गेला की हॅमरवरचं उभं राहणं संपलं. त्याची बायको सरुबाई कॅन्टीनच्या दारात येऊन रडली. "ताई, दुपारचं तेवढं तुम्ही बघा."

कंपनीनंही बघितलं म्हणा! आरोग्य सप्ताह केला. एक आहारवाल्या बाई आल्या, पडद्यावर भाज्यांची चित्रं दाखवली, काकडीच्या चकत्या वाटल्या, फोटो काढले. आणि समारोपाला काय, तर जिलबी. मलाच तळायला लावली मेल्यांनी!

मी मात्र पिच्छा सोडला नाही. उत्तरेश्वरच्या ताटातला भाताचा डोंगर काढला. ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ. रोज कटकट. "नको ओ ताई, गावाकडं जन्मभर भाकरीच खाल्ली. पुण्यात येऊन बी तेच का?" मी म्हणायचे, "अहो, पुण्यात आलात म्हणून पाय वेगळे फुटले का तुम्हाला? खा मुकाट्यानं." तोंड वाकडं करून खायचा. पण जखम सुकायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा, अंगठा वाचेल.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी मशिनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात. आमच्याकडे प्रत्येक मशिनची पूजा वेगळी, नारळ वेगळा, प्रसाद वेगळा. ज्याच्या मशिनचा प्रसाद घेतला नाही, त्याला अपशकुन केला, असं यांचं शास्त्र. लेथवाल्यांचा शिरा, प्रेसवाल्यांची बुंदी, ग्राइंडिंगवाल्यांचे पेढे. उत्तरेश्वर हात जोडून फिरतोय आणि जो तो त्याच्या तोंडात कोंबतोय. मी धावत गेले. "अहो, शुगर आहे त्यांना, कळत नाही का?"

सुपरवायझर दिगंबर हसला. "आजच्या दिवस, हेमाताई. देवाच्या प्रसादानं काही होत नसतं." बोटं बुंदीनं चिकट झालेली, त्याच बोटांत पेढा.

मी उत्तरेश्वरला म्हटलं, "तुम्ही तरी नाही म्हणा." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. दिगंबरनं पेढा आत सारला.

त्या दिवशी त्याला काही झालं नाही. तेच वाईट झालं. बघा, काही झालं का, म्हणून सगळ्यांना चेव चढला. मग कोजागिरीचं दूध, कुणाच्या नातवाचं बारसं, कुणाची नवी गाडी. माझं ताट तसंच परत यायला लागलं. "पाय आता दुखतच नाही, ताई," तो खुशीत सांगायचा. दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं वाटलं बावळटाला. शुगरनं पायातली जाणीवच गेली होती. सरुबाईनं एके दिवशी मोजा ओढला तर खोलीभर घाण वास सुटला. अंगठा काळाठिक्कर पडला होता.

अंगठा कापला. मी डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर उशाशी क्रीमच्या बिस्किटांचे पुडे आणि बर्फीचा खोका. दिगंबर आणि मंडळी येऊन गेली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "लाज कशी वाटत नाही हो यांना? आणि तुम्हाला एकदाही नाही म्हणता आलं नाही?"

"लोकं प्रेमानं देतेत, ताई. त्यांचं मन कसं मोडायचं?"

"आणि मी काय वैरानं वाढत होते? मला बरं रोज नको म्हणायला जमलं!"

तो पायाच्या पट्टीकडे बघत हळूच म्हणाला, "तुम्हाला नको म्हणलं तरी तुम्ही दुसऱ्या दिशी वाढणारच होतात. त्यांना नको म्हणलं असतं, तर त्यांनी परत विचारलं असतं का?"

मला रागही आला आणि रडूही आलं. त्यानं डबा जवळ ओढला, भाकरी मोडली आणि एकदाही नको न म्हणता सगळं संपवलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. त्याचं ते शहाण्यासारखं जेवणं मला बघवेना.