सिंगापुरात ऊबदार फरशी

विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर राहून ज्याने स्वतःच्या घराची फरशी गरम करून घेतली, असा एकच माणूस माझ्या माहितीत आहे. तो रोज सकाळी माझ्या आरशात दाढी करतो.

कारण आई होती. बाबा गेल्यावर पुण्याच्या घरात ती एकटीच. किती विनवण्या करून तिला सहा महिन्यांसाठी सिंगापुरात, आमच्या बेडोकच्या फ्लॅटवर आणलं होतं. दुसऱ्याच महिन्यात एका सकाळी पोहे परतता परतता ती म्हणाली, "माझं तिकीट जरा अलीकडचं करतोस का रे?"

"का गं, काय झालं?"

"काही नाही. पाय गार पडतात. बर्फावरून चालल्यासारखं वाटतं."

आमच्या हॉलला गुळगुळीत पांढरी फरशी आहे. माझं ऑफिस हार्बरफ्रंटला, पण आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करतो आणि मला फार उकडतं. त्यामुळे हॉलचा एसी कायम अठरावर. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

घरात घालायच्या मऊ सपाता आणल्या. आईने त्या दारातल्या चपलांच्या रॅकवर नेऊन ठेवल्या. "स्वयंपाकघरात देव आहेत. तिथे वहाणा घालून फिरू?" मोजे आणले. मोजे घालून ती फ्रिजपर्यंत जी घसरत गेली, त्यानंतर मोज्यांचा विषय कोणी काढला नाही.

"बाबा, जस्ट ऑफ द एअरकॉन लाह," आमची दहा वर्षांची इरा नूडल्समधून मान वर न करता म्हणाली.

"तू जेव," मी म्हणालो. वीस वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला बटण बंद करण्यासारखे उपाय सुचवू नयेत.

तीन दिवस मला चैन पडलं नाही. मीटिंग चालू असताना मी गुपचूप व्हिडिओ बघत होतो. थंड देशांत लोक फरशीखाली विजेची पातळ चटई अंथरतात, तिच्यावर लाकडाच्या नाहीतर विनाइलच्या पट्ट्या बसवतात आणि बर्फ पडत असताना घरात अनवाणी फिरतात! मी चटई मागवली. आता प्रश्न पट्ट्यांचा.

फरशीचं सामान विकणारे लिम अंकल सत्तरीचे. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, मग चष्मा काढून मला नीट बघितलं.

"बॉस, धिस इज सिंगापूर."

"आय नो, अंकल."

"शुअर?"

पण माणूस प्रामाणिक. त्यांनी चार नमुने दिले आणि बजावलं: खाली हीटर असेल तर वर पातळ टाइल घे, ऊब लगेच वर येते. विनाइल चालेल, पण फार तापवू नकोस. जाड लाकूड अजिबात नको.

मी चारही नमुने हॉलमध्ये ओळीने मांडले आणि आईला त्यांच्यावर उभं केलं. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून दमून आलेली माझी बायको मधुरा दारातच थबकली. सासूबाई एका पाटावरून दुसऱ्या पाटावर चालल्या आहेत आणि नवरा वहीत टिपून घेतोय!

"टाइल कशी वाटते, आई?"

"गार."

"विनाइल?"

"गारच की."

"आणि हे?"

जाडजूड सागवानावर आईने दोन्ही पाय टेकवले आणि तिचा चेहरा उजळला. "हे बघ. हे छान ऊबदार आहे."

झालं. जनतेचा कौल मिळाला. शिवाय आईच्या गुडघ्यांना मऊ लागावं म्हणून मी लाकडाखाली बुचाचा जाड थरही घ्यायचं ठरवलं. यातली गंमत मला फार उशिरा कळली. सागवान ऊबदार लागलं, कारण ते पायातली उष्णता खाली जाऊ देत नाही. आणि जे वरून खाली जाऊ देत नाही, ते खालून वर तरी कशाला येऊ देईल? हीटर विकत घेऊन मी त्याच्यावर गोधडी घातली होती. (नमुने तपासताना खाली हीटर चालू ठेवायला नको का, असं इराने विचारलं होतं. तिला मी पुन्हा जेवायला सांगितलं.)

गुडघे टेकून आठ दिवस खपलो. अर्धा हॉल सागवानी झाला. हीटर लावला. लाकूड ढिम्म. आणखी वाढवला. आता खोली गरम व्हायला लागली, पण पावलं गारच. खोली गरम झाल्यावर मला उकडलं, म्हणून एसी सोळावर नेला. एसीमुळे आईचे पाय आणखी गारठले, म्हणून हीटर शेवटच्या आकड्यावर.

"एकाच खोलीत उन्हाळा आणि हिवाळा लढवतोयस," मधुरा म्हणाली.

"सेटिंग जमायला वेळ लागतो."

"आईंनी सकाळी बॅग कपाटावरून खाली काढून ठेवली आहे."

त्या रविवारी तापलेली एक पट्टी एका टोकाने वर उचलली गेली आणि पाय पडला की कुरकुरायला लागली. माझी अस्वस्थता आता हातात उतरली. आई दुपारची झोपली आहे, तोवर हे निस्तरावं म्हणून मी एक लांब खिळा घेतला, पट्टी पायाने दाबली आणि नेमका बसवला. खट्! दिवे गेले, पंखा थांबला, एसीने शेवटचा श्वास सोडला. खिळा लाकडातून, बुचातून थेट हीटरच्या चटईत गेला होता.

इलेक्ट्रिशियन दोन तासांनी आला. त्याने खिळा बघितला, मला बघितलं, आणि हीटरची वायर कायमची तोडून टाकली. वीज चालू करून तो गेला. मी घामाने निथळत एसीचा रिमोट शोधत होतो, तेवढ्यात आई उठून बाहेर आली. अनवाणी. लाकडावरून चालत गेली, मग उरलेल्या पांढऱ्या फरशीवर. थांबली. पुन्हा चालली.

"अरे," ती म्हणाली, "आत्ता कुठे ऊब आली बघ. लागलं हो तुझं यंत्र!"

रिमोट एव्हाना माझ्या हाती लागला होता. इरा माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "लागलं."

"तिकिटाचं राहू दे मग. घाई नाही."

तेव्हापासून हॉलचा एसी बंद आहे. रोज सकाळी मी त्या मेलेल्या हीटरच्या बटणाला भक्तिभावाने बोट लावतो आणि बनियनवर लॅपटॉप उघडतो. आलेल्यागेलेल्याला आई अनवाणी उभं करते. "मुलाने स्वतः बसवलंय."

परवा ती फोनवर मावशीशी बोलत होती. मी आत आहे, हे तिला माहीत नव्हतं.

"अगं, बंदच आहे ते यंत्र, मला काय कळत नाही? पण त्याला लहानपणापासून उकडतं. एसी बंद कर म्हणून कसं सांगायचं? आठ दिवस गुडघ्यांवर बसून खपला बिचारा, आणि त्या निमित्ताने एसी आपोआप बंद झाला. मी आपली म्हणते, लागलं हो तुझं यंत्र."

मी दारामागे उभा राहून घाम पुसला. मग हॉलमधला पंखा एकने वाढवायला दाराआडून हात पुढे केला.

"दोनवरच राहू दे रे," फोनवर हात ठेवून आई म्हणाली. "फरशी गार पडते."