पहाटे पाचची सोबत

नगर स्टेशनवर मला पोहोचवायला आमच्या मंडळीतले (चर्चमधले) सहा जण आले होते. एकाने हारही आणला होता. दिल्लीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीने साक्ष द्यायला (देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायला) बोलावलेला मी नगरचा पहिलाच माणूस, असं पाळकसाहेबांनी फलाटावर जाहीर केलं. मग प्रार्थना झाली आणि गाडी हलली. हार घालून खिडकीशी बसलेला हा मास्तर खोटारडा आहे, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. देवालाही होतं म्हणा, पण तो स्टेशनवर काही बोलला नाही.

बोलावण्याचं कारण सांगायला हवं. सुधाकर आणि मी मिशनच्या बोर्डिंगात एका खोलीत वाढलो. तो केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला गेला, मी नगरला शाळेत शिकवत राहिलो. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, विमलवहिनींना, मोठा आजार निघाला. सुधाकरचा फोन आला.

"अरुण, रोज पहाटे पाचला मी इथे प्रार्थनेला बसतो, तू तिथे बस. दोघांनी एकाच वेळी मागू. कबूल?"

"कबूल."

चार दिवस उठलो. पाचव्या दिवशी थंडी होती.

त्यानंतर फोनवर तो विचारायचा, "होतास ना सकाळी?" मी म्हणायचो, "होतो." वहिनी बऱ्या झाल्या. मला वाटलं, सुटलो. पण सुधाकरने मागण्याच्या जागी आभार मानायला सुरुवात केली आणि वेळ तीच ठेवली. अकरा वर्षं! इतका चिवट मित्र वैऱ्यालाही मिळू नये. आता त्याच्या मंडळीला आम्हा दोघांच्या पहाटे पाचच्या प्रार्थनेची गोष्ट माझ्या तोंडून ऐकायची होती, येत्या रविवारी. मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

दिल्लीच्या अलीकडे धुक्याने गाडी चार तास खोळंबली. सुधाकर स्टेशनवर चारही तास उभा होता.

"सलाम, अरुण!" आमच्यात नमस्काराऐवजी सलाम म्हणतात. त्याने मिठी मारली. "घरी जाऊन परत आलो असतो, पण म्हटलं, तेवढ्यात तू यायचास."

नोएडाला जायला मेट्रो धरली. मध्ये गाडी बदलायची होती. गर्दीने मला आत लोटलं, दार मिटलं आणि माझी बॅग घेतलेला सुधाकर बाहेरच राहिला. पुढच्या स्टेशनवर त्याच गर्दीने मला बाहेर लोटलं. पाच मिनिटांत तो पुढच्या गाडीने हजर.

"मी इथे उतरलो हे तुला कसं कळलं?"

"तू माझ्यासाठी थांबणार, बिल्कुल खात्री होती."

कोपर लागलं म्हणून उतरलो, हे मी सांगितलं नाही. अकरा वर्षांत माझी न सांगण्याची सवय चांगलीच पक्की झाली होती.

नोएडात माणसं आकड्यांत राहतात. सेक्टर, ब्लॉक, मजला, सगळे आकडे. पत्ता सांगताना पाढे म्हटल्यासारखं वाटतं. दारात वहिनी उभ्या होत्या, गुटगुटीत, खणखणीत. "या भाऊजी. शिपी आमटी (तुरीच्या डाळीची आपली नगरी तिखट आमटी) केलीय. दिल्लीत राहून जिभेला फार काही कळेनासं झालंय, तुम्ही सांगा जमलीय का."

त्यांची मुलगी स्नेहल दिल्लीतच वाढलेली, तिथल्याच एका ऑफिसात नोकरीला. जेवताना तिने विचारलं, "काका, साक्ष म्हणजे गवाही ना? कोर्टात देतात ती?"

"तशीच," सुधाकर म्हणाला.

"अच्छा. आणि झूठ बोललं तर?"

सगळे हसले. मी आणखी आमटी मागितली.

पहाटे पाचला सुधाकरने मला हलवलं. बाल्कनीच्या आतल्या बाजूला दोन वेताच्या खुर्च्या समोरासमोर होत्या. एकीचा वेत बसून बसून खोलगट झालेला, दुसरीचा नव्यासारखा ताठ.

"ही तुझी. पहिल्या दिवसापासून ठेवलीय. इथे कुणाला बसू देत नाही."

मी माझ्या कोऱ्या खुर्चीत बसलो. सुधाकर डोळे मिटून साध्या आवाजात बोलत राहिला, शेजारी कुणी ऐकत बसल्यासारखा. मला आमेनच्या आधी दोनदा डुलकी लागली.

शनिवारी स्नेहलने गाडी काढली. दिल्लीत आलेल्या मराठी पाहुण्याला पानिपतजवळचं काला अंब दाखवायची इथे रीत आहे. इतर लोक पाहुण्यांना विजयस्तंभ दाखवतात, आपण शंभर किलोमीटर जाऊन आपला पराभव दाखवतो आणि वाटेत लोण्याचा गोळा ठेवलेले पराठे खातो. पराठे उत्तम होते.

त्याआधी सुधाकरने गाडी मुद्दाम रिजवरून (टेकडीवरच्या जंगलाच्या रस्त्याने) घ्यायला लावली. हिंदूराव रुग्णालयासमोर थांबवली.

"विमलचं ऑपरेशन इथे झालं. तिला सकाळी आत नेणार होते. पाचला मी त्या बाकावर बसलो होतो, थरथर कापत. मग म्हटलं, अरुण बसलाय तिकडे. थांबलं बघ कापणं."

मी काच खाली केली आणि हिंदूराव हा ग्वाल्हेरकडचा मराठा सरदार होता अशी माहिती दिली. मास्तरांना माहितीची फार सोय असते.

काला अंबला विटांचा एक खांब आहे, भोवती बाग. इथे आंब्याचं झाड होतं, ते लढाईतल्या रक्ताने काळं पडलं, असं सांगतात. आमच्याआधी आलेलं एक पुण्याचं कुटुंब दोन बोटं वर करून हसत फोटो काढत होतं. स्नेहल फोटो काढायला पलीकडे गेली. सुधाकर म्हणाला, "उद्या त्या बाकाचं नक्की सांग हं. माझ्यापेक्षा तू चांगलं सांगशील."

तिथे माझं धैर्य वाढलं वगैरे काही नाही. ओझं हातातून निसटतं तसं झालं.

"सुधाकर, मी नव्हतो."

"कुठे?"

"पाचला. चार दिवस उठलो. पुढे कधीच नाही."

तो हसला. "काय यार, मस्करी..." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि मी फोनवर विचारायचो तेव्हा?"

"खोटं बोलायचो."

"ऑपरेशनच्या दिवशी?"

"झोपलो होतो."

तो त्या खांबाकडे वळला. मग म्हणाला, "मग त्या बाकावर माझ्याबरोबर कोण होतं रे?"

याचं उत्तर शब्बाथशाळेतलं (रविवारच्या मुलांच्या धर्मवर्गातलं) पोरही देतं. ते द्यायला मला तोंड नव्हतं.

परतीच्या वाटेवर स्नेहल एकटीच बोलत होती. घरी सुधाकरने वहिनींना सांगितलं आणि आत जाऊन पडला. वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला.

"बरं झालं भाऊजी, मी तुमच्या भरवशावर आजारी पडले नव्हते." मग बशी पुढे सरकवत म्हणाल्या, "मला राग नाही. त्यांचा मात्र येईल तो सोसा."

रविवारच्या उपासनेत सुधाकर उठून एवढंच बोलला, "हे अरुण. काय ते तेच सांगतील." आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला. मी सांगितलं: चार दिवस, थंडी, फोन, कोरी खुर्ची, सगळं. त्या सभागृहात इतकी शांतता बहुधा उपदेशालाही नसते. शेवटी शालीतल्या एका आजींनी विचारलं,

"मास्तर, उद्यापासून उठणार का?"

"प्रयत्न करतो."

"तो तर चार दिवस केला होतात की!"

लोक हसले. शेवटच्या रांगेत कुणी हसलं नाही.

सोमवारी स्टेशनवर सुधाकर आला, वेळेवर. मिठी मारली नाही.

"तुझी खुर्ची आत नेऊन ठेवलीय," तो म्हणाला. "आजपासून तोंडी काही नको. पाचला मिस्ड कॉल द्यायचा. मी उलटा देईन."

नगरला उतरलो तेव्हा हार आणायला कुणी नव्हतं. माझ्या साक्षीची बातमी माझ्याआधी पोहोचली होती. मंडळीतले काही जण आता सलाम करताना इकडेतिकडे पाहतात. ठीक आहे. लोकांचा भरवसा होता तोवर मी अकरा वर्षं गाढ झोपलो. भरवसा गेल्यापासून रोज पाचला भिंतीला पाठ लावून बसतो. काय मागावं ते नेहमी सुचत नाही. कधी नुसताच बसतो, कधी त्या बाकाचा विचार करतो.

गेल्या गुरुवारी मी मिस्ड कॉल दिला. उलटा आला नाही. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. मी जागेवरून उठलो नाही. सहा वाजता फोन वाजला.

"अरुण, माफ कर यार." सुधाकरचा आवाज पार ओशाळलेला. "ताप होता रात्री, डोळाच लागला. अकरा वर्षांत पहिल्यांदा चुकलो."

"असू दे," मी म्हणालो. "मी होतो."

त्याला पटलं की नाही, कोण जाणे. मग म्हणाला, "खुर्ची बाहेर काढायला सांगतो विमलला."