दुरुस्तीला नेलेलं मशीन

माझी आत्या तीस वर्षं हाताने भरतकाम करत आली. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, बाळांची दुपटी, नॅपकिनांवरची अक्षरं, जे येईल ते. लग्न केलं नाही, नोकरी धरली नाही. खिडकीपाशी एक खुर्ची, मांडीवर रिंगमध्ये ताणलेलं कापड आणि नाकावरून घसरणारा चष्मा, एवढाच तिचा पसारा. आम्ही भावंडं तिला टाकाआत्या म्हणायचो. "चुकलं तर उसवता येतं असं हे एकच काम मला सापडलं," ती म्हणायची, "म्हणून धरून ठेवलंय."

मग तिच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. सकाळी उठली की अंगठा वळायचाच नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बसायची, तेव्हा कुठे जरा सैल पडायचा. सुई हातातून निसटायची आणि ही फरशीवर ओणवी होऊन ती शोधायची. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, "सुईकाम बंद करा."

"मला दुसरं काही येतच नाही हो," आत्या म्हणाली.

"मग मशीनवर करा."

नवं एम्ब्रॉयडरी मशीन आवाक्याबाहेरचं होतं. मी जुन्याच्या जाहिराती चाळायला लागले. महिनाभराने एक सापडली: 'घरगुती वापरातलं, उत्तम स्थितीत, जागेअभावी विकणे.' रविवारी सकाळी आम्ही दोघी पत्ता शोधत गेलो.

दार एका उंच, किंचित वाकलेल्या गृहस्थांनी उघडलं. पोस्टातून निवृत्त झालेले. बोलता बोलता आम्ही त्यांना काकाच म्हणायला लागलो. मशीन आतल्या खोलीत होतं आणि मशीनसमोर काकू बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, स्वेटरची बटणं मात्र एक घर चुकवून लावलेली.

"या, या. शिकायला आलात ना?" त्या म्हणाल्या.

काका घाईने म्हणाले, "हो. जरा दाखव त्यांना."

काकूंनी कापडाखाली कागद घातला, दोन्ही रिंगमध्ये बसवलं आणि बोटाने टिचकी मारून ताण पाहिला. मशीनच्या छोट्या पडद्यावरचं एक फूल निवडलं, बटण दाबलं. सुई खालीवर नाचायला लागली आणि पांढऱ्या कापडावर जांभळी पाकळी उमटत गेली. आत्या खुर्ची ओढून त्यांना अगदी चिकटून बसली. पंधरा मिनिटांत दोघींची अशी गट्टी जमली की मी आणि काका तिथे उगाचच उभे होतो.

स्वयंपाकघरात चहा ओतताना काकांनी खरं काय ते सांगितलं. "दोन वर्षं झाली. माणसं विसरते, गॅस बंद करायचा विसरते. मला कधी कधी तिचा भाऊ समजते. मशीनवर बसली की मात्र सगळं आठवतं. पण मागच्या महिन्यात सुई चालू असताना खाली बोट घातलंन. त्याआधीही एकदा. मी एकटा किती पहारा देणार?"

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं. "मला नको हे मशीन," ती म्हणाली. "मला नाही नेववणार."

"तुम्ही नाही नेलंत तर दुसरं कोणीतरी नेईल," काका म्हणाले. "निदान तुम्हाला त्यातलं कळतं."

आम्ही मशीन घेतलं. ते चादरीत गुंडाळायला काकूंनीच मदत केली, सुया वेगळ्या डबीत भरल्या. मशीन दुरुस्तीला चाललंय, असं काकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. दाराशी त्यांनी आत्याला विचारलं, "कधी मिळेल?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे आणि काकांनी भिंतीकडे. "होईल आठेक दिवसांत," आत्या म्हणाली. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख तिने उभ्या आयुष्यात मोडली नव्हती.

आणि घरी आल्यावर ते मशीन चालेना. म्हणजे सुरू व्हायचं, पण दहा टाके पडले की दोरा तुटायचा. आत्याने सुई बदलली, दोरा बदलला, ताण कमी-जास्त करून पाहिला. एका शाळेचे चाळीस एप्रन घरात येऊन पडले होते, प्रत्येकावर मुलाचं नाव घालायचं होतं. मेकॅनिक आला, मशीन उघडून तास घालवला आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे." त्याची पाठ वळली आणि दोरा परत तुटला. आत्याने अक्षरशः हात टेकले. हाताने करावं तर बोटं चालत नाहीत, मशीनने करावं तर मशीन चालत नाही.

शेवटी तिने काकांना फोन केला. ते म्हणाले, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिला विचारलं, तर म्हणते, बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मग घेऊन या त्यांना," आत्या म्हणाली.

मी तिला म्हटलं, "अगं, त्या मशीन ओळखतील. मग काय करशील?"

"माहीत नाही गं," आत्या म्हणाली. "पण शाळेला काय सांगू ते तरी कुठे माहीत आहे?"

गुरुवारी दुपारी ती दोघं आली. काकू सरळ मशीनपाशी गेल्या, जणू रोजच येत होत्या. दोरा ओवून दोन मिनिटं नुसतं बघत राहिल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी पायातला मोजा काढला, आत्याच्या कात्रीने त्याचा वरचा भाग कापला आणि दोऱ्याच्या रिळावर चढवला. "हा दोरा गुळगुळीत असतो," त्या म्हणाल्या. "आपोआप घसरून रिळाखाली अडकतो. त्याला अंगात काहीतरी घालावं लागतं." मशीन सुरू झालं. पहिल्या एप्रनवरचं नाव सलग, एकदाही न तुटता भरून निघालं.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू उठल्या, उरलेला मोजा पायात चढवला आणि म्हणाल्या, "झालं दुरुस्त. चला, गाडी बोलवा, नेऊ या घरी."

काकांनी समजावलं, दटावलं, हात धरून दाराकडे न्यायला पाहिलं. काकूंनी टेबलाची कड घट्ट पकडली. "माझं आहे ते! आठ दिवस म्हणाली होती ही बाई. चोर आहे ही!"

"खरंच घेऊन जा हो," आत्या काकांना म्हणाली. "मला नको. शाळेला मी सांगेन काहीतरी."

"आणि परत बोट घातलंन तर?" काका म्हणाले. "मला नाही झेपत हो आता."

नेता येत नव्हतं आणि ठेवून घेणंही जिवावर आलं होतं. आत्याने मग पुढचा एप्रन उचलला, रिंगमध्ये बसवला आणि काकूंसमोर ठेवला. काकूंनी तो पाहिला. हळूहळू कडेवरची बोटं सुटली. त्या बसल्या. आत्या शेजारी बसली, आपला आखडलेला हात सुई आणि काकूंची बोटं यांच्यामध्ये धरून. पाच वाजेपर्यंत नऊ एप्रन झाले.

मग काकूंनी हात थांबवले, खोलीभर नजर फिरवली आणि ओशाळून म्हणाल्या, "बराच वेळ बसले की मी. तुमचं मशीन छान आहे हं. माझ्याकडेही अस्संच होतं." काकांनी काकूंच्या बुटांची नाडी बांधली आणि हात धरून त्यांना जिन्यावरून खाली नेलं.

उरलेले एप्रन आत्याने वेळेवर दिले. दर गुरुवारी काकूंना इथे आणाल का, म्हणून तिने काकांना विचारलं. ते म्हणाले, "नको. परत आल्यापासून ती दोन दिवस घरभर काहीतरी शोधत होती. काय शोधतेय तेही सांगता येईना तिला."

मशीन आता आत्याच्या हाताखाली सुरळीत चालतं. शाळेने पुढच्या वर्षीचंही काम दिलं. कोणी कौतुक केलं की ती विषय बदलते. परवा तिने मला काकांना पुन्हा फोन लावायला सांगितला. नंबर बंद लागला. दुसऱ्या दिवशीही बंद. मग मी त्या घरी जाऊन आले. तिथे दुसरंच कुटुंब राहत होतं. आधीचे लोक कुठे गेले, त्यांना माहीत नव्हतं.

हे सांगितलं तेव्हा आत्या रिंगमध्ये कापड बसवत होती. "शेजाऱ्यांना विचारलंस?" ती म्हणाली.

विचारलं होतं. त्यांनाही माहीत नव्हतं.