भंडारा उचलल्यानंतरचा प्रश्न

सांगलीच्या ऑफिसात आम्ही बनवलं ते एआय यंत्र भांडखोर होतं, असं मी आजही म्हणते. ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसतं, त्यावर माणसाला नीट विचार करायला मदत करायची, हे त्याचं काम. दोन्ही बाजू त्याला सांगायच्या. ते निकाल देत नसे; कुणी न विचारलेले प्रश्न तेवढे पुढे ठेवायचं.

चाचणीसाठी मी त्यात आमच्या घरचंच भांडण घातलं. वडूजला माझ्या भावाच्या आणि चुलत्याच्या रानांमधला बांध. चुलत्याने बिरोबापुढे भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून शपथेवर सांगितलं होतं, की बांध सरकवला नाही. आमच्यात भंडारा उचलला की विषय संपला. पुढे कुणी तोंड उघडत नाही. यंत्राला हे शिकवावं लागेल, हे माझ्यासकट कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी वडूजला गेले होते, तेव्हा भावाने माझ्या फोनवर यंत्राचे प्रश्न वाचले आणि त्याला चेव आला. मी फोन हिसकावायला गेले, तर मला ढकलून तो देवळासमोर बसलेल्या भावकीत घुसला आणि मोठ्याने वाचू लागला, "शपथ खोटी असेल, तर ते कशावरून कळेल?"

चुलतभाऊ उठला. "माझ्या बापाला लबाड म्हणतोस व्हय रं?" हातातली काठी त्याने भावाच्या तोंडावर घातली. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. भाऊ पडला तरी तो थांबेना. पाठीत, डोक्यात, जिथं लागेल तिथं हाणत राहिला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडवेना. हाताशी कुऱ्हाड असती तर चालवली असती, खोटं कशाला बोलू?

साताऱ्याच्या दवाखान्यात भावाचा जबडा तारांनी बांधला. डावा डोळा राहतो की जातो, ते डॉक्टर सांगेनात. सांगलीहून सहकाऱ्याने फोन करून विचारलं, शपथेनंतर प्रश्न नको, असा नियम घालू या का? त्याला मी नको नको ते बोलले.

दुसऱ्या दिवशी चुलता दवाखान्यातल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"पोरी, तुझ्या मशिनीला इचार की, म्या खोटं बोललो का."

"आवं तात्या, ती निकाल देत न्हाई. नुसतं इचारती."

तो आत भावाच्या खाटेपाशी आला.

"मग भंडारा उचलायच्या आधी इचारायचं हुतं गं कुणीतरी," तो म्हणाला. "तवा खरं सांगितलं असतं म्या."

मी त्याचा सदरा धरून त्याला भिंतीवर आपटलं. त्याने हातही वर केला नाही.